कापायचा केक आणि खायचा केक

दर्यापुरात टंचाई पाण्याची असते, खताची असते, ऐन मृगात मागणीतल्या कपाशी बियाण्याची तर हमखास असते. केकची मात्र नसते. संध्याकाळी सातला कोणाला आठवलं की आज आपल्या भाऊंचा बड्डे आहे, तर साडेसातपर्यंत अर्ध्या किलोचा पायनॅपल, त्यावर लाल जेलीने घातलेलं नाव आणि सोबत ठिणग्या उडवणारी मेणबत्ती असा सगळा सरंजाम हातात पडतो. नावातली एखादी वेलांटी चुकते, शेवटचं अक्षर जागा न पुरल्याने काठावरून खाली घसरतं, पण केक मिळतो. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. एवढा केक विकला जातो, तर तो जातो कुठे? माझं म्हणणं असं की पोटात फार थोडा जातो. आपल्याकडे केक ही मुळात कापायची वस्तू आहे. कापून झाला की त्याचं काम संपलं. म्हणूनच ज्यात कापण्यासारखं काहीच नाही, त्या कागदी वाटीतल्या कपकेकला गावात काडीची प्रतिष्ठा नाही. खारी, टोस्ट आणि नानकटाईच्या शेजारी तो स्टीलच्या ट्रेमध्ये नाहीतर बरणीत मुकाट पडून असतो. त्याला ना खोका, ना सोनेरी पुठ्ठा, ना त्याच्यावर कोणी नाव घालून मागत. तरीही तालुक्यात खरोखर खाल्ला जाणारा केक कोणता, असं विचाराल तर तो हाच.

पुरावा म्हणून मोठ्या केकचं अर्ध्या तासाचं आयुष्य तपासून बघा. खोका उघडला की आधी फोटो. केकचा वेगळा, केकसोबत वाढदिवसवाल्याचा वेगळा, मग ज्यांनी वर्गणी दिली त्यांचा, मग ज्यांनी दिली नाही पण पुढे उभे आहेत त्यांचा. तोवर मेणबत्तीने आपली राख क्रीमवर शिंपडलेली असते. मग गाणं, गाण्याच्या मध्येच कोणीतरी फवारलेला फेस, आणि प्लास्टिकच्या सुरीने काढलेला एक तुकडा. तो तुकडा दहा-बारा जण चिमटीचिमटीने त्याच माणसाला भरवतात. त्याचं तोंड भरलं की उरलेला केक पोट्टे त्याच्या गालाला, कानाला आणि शर्टाला लावतात. अर्धा किलो म्हणजे अर्धा किलो असतो, पण ताटात पडलेला केक मोजायला गेलात तर वजनकाटा लाजेल. पुढाऱ्याचा वाढदिवस असेल तर हेच सगळं जीपच्या बॉनेटवर होतं, केक ओळीने मांडलेले असतात, एकेका केकवर नावाचं एकेक अक्षर असतं, आणि सुरीच्या जागी तलवार येते. तलवारीने केक कापला म्हणून महाराष्ट्रात शस्त्र अधिनियमाखाली गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आता कोणी उलगडूनही वाचत नाही. इथे कपकेकची खरी अडचण ध्यानात येते. उगारलेली तलवार खाली येईपर्यंत तो दिसला तर पाहिजे! दिसलाच आणि नेम लागलाच, तर कापला कपकेक जाईल की खालचं बॉनेट, हे सांगता येत नाही. हा मुलूख गाडगेबाबांचा. 1876 साली त्यांचा जन्म झाला तो शेंडगावला, म्हणजे आजच्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात. मुलीच्या बारशाला मटण-दारूची रीत मोडून त्यांनी गोडाधोडाचं जेवण घातलं, हे इथल्या पोरासोरांनाही माहीत असतं. समारंभात गोड वाढण्याची ती शिकवण आपण शब्दशः पाळली, फक्त वाढायची जागा बदलून ताटाऐवजी रस्ता केली. सकाळी ते क्रीम झाडायला येतो नगरपरिषदेचा सफाई कामगार. वाढदिवसवाला तेव्हा झोपलेला असतो.

आता क्रीमकडे वळतो, कारण खुद्द कपकेकप्रेमींतही दोन पंथ आहेत आणि त्यांचं भांडण क्रीमवरूनच आहे. एक पंथ म्हणतो, वर क्रीमचा तुरा नसेल तर त्याला कपकेक म्हणूच नये, तो नुसता वाटीतला केक. मी दुसऱ्या पंथाचा आहे आणि माझ्या बाजूने साक्षात सूर्य आहे. बटरक्रीम म्हणजे लोणी आणि पिठीसाखर. लोणी 32 ते 35 अंशांत विरघळतं, आणि एवढा पारा आपल्याकडे मार्च सरता सरता जेवणवेळेच्या आतच चढतो. मे महिन्यात अकोला-अमरावती 44-45 अंशांच्या खाली बोलायला तयार नसतात. बाजारच्या केकवरचं पांढरंशुभ्र क्रीम तर बहुतेकदा दुधाचं नसतंच. पामच्या तेलवर्गातला स्निग्धांश, साखर, पाणी आणि ते सगळं धरून ठेवणारी द्रव्यं असा तो ऐवज असतो. गोठवलेल्या खोक्यांतून येतो, उणे 18 अंशांत ठेवायचा असतो, आणि थंड असेपर्यंतच फेटून फुलतो. तो टिकवायला फ्रीज लागतो, फ्रीजला वीज लागते, आणि विजेचं वेळापत्रक आपल्या हातात नाही. त्यात हा केक दुकानातून घरी जातो तो मोटारसायकलवर मागे बसलेल्याच्या मांडीवरून, दोन गतिरोधक आणि एक खोदलेला रस्ता पार करून. घरी खोका उघडावा तर गुलाबाचं फूल एका कडेला जाऊन बसलेलं असतं आणि ‘हॅपी’ झाकणाला चिकटलेलं. कागदी वाटीतल्या केकला यातलं काही होत नाही. तो पिशवीत उलटला तरी केकच राहतो. वऱ्हाडाच्या हवेने त्याच्या डोक्यावरचा तुरा काढून घेतला, यात मला त्याचा कमीपणा दिसत नाही. उन्हात जो टिकत नाही तो पदार्थ दर्यापूरला आठ महिने परकाच राहणार.

तुऱ्याचा पंथ इथे अमेरिकेचा दाखला देतो, तेव्हा तोही पाहू. न्यूयॉर्कला मॅग्नोलिया बेकरी 1996 साली उघडली, पुढे एका गाजलेल्या टीव्ही मालिकेत तिथला कपकेक दिसला आणि दारापुढे रांगा लागल्या. 2005 साली बेव्हर्ली हिल्सला स्प्रिंकल्स नावाचं निव्वळ कपकेकचं दुकान निघालं. 2012 साली त्यांनी चक्क कपकेकचं एटीएम बसवलं, बटण दाबा आणि रात्री बेरात्री केक घ्या. (आपल्याकडे एटीएममधून नोटा निघाल्या तरी माणूस मागच्या रांगेकडे विजयी मुद्रेने बघतो.) क्रम्ब्ज नावाच्या कंपनीने तर दांडगे, क्रीमने लडबडलेले कपकेक काढले आणि शेअर बाजारापर्यंत मजल मारली. जुलै 2014 मध्ये त्यांच्या सगळ्या दुकानांना एकदम कुलूप लागलं. तुरा जेवढा उंच, तेवढी फॅशन लवकर ओसरली. आणि मुळात तुरा हा कपकेकचा जन्मसिद्ध हक्कही नव्हे. अमेलिया सिमन्सबाईंच्या 1796 सालच्या पाककृतींच्या पुस्तकात छोट्या कपांतून भाजायच्या हलक्या केकची कृती आहे. आपल्या महाराष्ट्रातला मानाचा कपकेक घ्या: 1914 साली ग्रँट रोड स्टेशनाजवळ सुरू झालेल्या बी. मेरवानच्या इराणी हॉटेलातला मावा केक. कागदाच्या वाटीत, वर काही नाही, आत मावा आणि वेलची, आणि सकाळी उशीर केला तर ट्रे रिकामा असायचा. मुंबईकरांनी पिढ्यान्पिढ्या तो चहाबरोबर खाल्ला, आणि त्यावर क्रीम का नाही असं विचारल्याचं ऐकिवात नाही.

‘हे सगळं परकं आहे, आपल्या वऱ्हाडाला कशाला हवा कपकेक?’ असा एक स्वाभिमानी आक्षेप असतो. तो घेणारे गृहस्थ साधारणतः हातात पायनॅपलचा खोका घेऊन उभे असतात, पण मुद्दा मुद्दा आहे, उत्तर दिलं पाहिजे. एका माणसापुरता, गोल, आचेवर भाजलेला, वेगळा वेगळा मोजून वाढायचा पदार्थ वऱ्हाडाला शिकवायला परदेशातून कोणी यायची गरज नव्हती. रोडगा आहे. कणकेचे थर देऊन वळलेला गोळा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरलेला. भाजला की राख झटकायची, हाताने फोडायचा, तुपात बुडवायचा, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. पंगतीत कोणी किती रोडगे खाल्ले याचा हिशेब वर्षभर लोकांच्या तोंडी असतो. रोडगा कापायला कोणी सुरी मागत नाही, त्यावर कोणाचं नाव नसतं, आणि तो कोणी कोणाच्या तोंडाला फासल्याचं आजवर घडलेलं नाही, कारण तो थेट तोंडात जातो. भट्टीचं म्हणाल तर तीही जुनी ओळखीची. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरून मैदा, पिठीसाखर आणि डालडा घेऊन बेकरीत जायचं, भट्टीवाल्याकडून मळून-भाजून घ्यायचं आणि पत्र्याचा डबा भरून बिस्किटं आणायची, ही रीत इकडच्या कितीतरी घरांत होती. आपला माल, त्याची आच. डबा उघडायला पाहुणा लागायचा, ही त्यातली एकच उणीव. देशात केकही काही काल आलेला नाही. केरळातल्या थलश्शेरीला मंबली बापूंनी 1883 साली एका इंग्रज मळेवाल्यासाठी केक भाजून दिला, तिथून भारतीय केकची गोष्ट सांगतात. म्हणजे केक आपल्याकडे येऊन बरीच वर्षं झाली. आपण त्याला अजून पाहुण्यासारखं कापत बसलो आहोत.

सगळ्यात वजनदार आक्षेप असा की कपकेक कोरडा असतो. हा मला पूर्णपणे फेटाळता येत नाही, कारण दुपारनंतर उघड्या बरणीतून काढलेला कपकेक घशात अडकतो आणि पाण्याचा तांब्या येईपर्यंत माणसाला बोलता येत नाही. पण कारण समजून घ्यावं. केक लहान म्हणजे त्याचा बाहेरचा भाग आतल्यापेक्षा वरचढ. मोठ्या केकला भट्टीत पाऊण-एक तास लागतो, तिथे दोन-चार मिनिटं इकडेतिकडे झाली तर चालतं. वाटीतला केक पंधरा-वीस मिनिटांत तयार होतो, तेव्हा तीन मिनिटं फोनवर बोलत राहिलेला कारागीर अख्खा ट्रे वाळवून ठेवतो. म्हणजे कपकेक हीच कारागिराची खरी परीक्षा. मोठ्या केकमध्ये चूक साखरेच्या पाण्याने भिजवता येते आणि वरून क्रीमने लिंपता येते. इथे लपायला जागा नाही. चांगला कपकेक ओळखायचा तो असा: कागद सोडवताना त्याच्या घड्यांना पातळसा तपकिरी थर चिकटून राहतो, आणि शहाणा माणूस तो दातांनी खरवडून घेतल्याशिवाय कागद टाकत नाही. वरचा घुमट मधोमध किंचित तडकलेला हवा. बोटाने दाबला तर खड्डा पडून पुन्हा वर यायला हवा. आत लाल, हिरवे, पिवळे तुकडे असतात ती टूटीफ्रूटी, म्हणजे साखरेच्या पाकात मुरवून रंगवलेली कच्ची पपई. वर अर्धी चेरी असेल तर फार हुरळून जाऊ नका, बाजारातली लालभडक चेरी बऱ्याचदा करवंदच असतं, त्यालाही पाक आणि रंग दिलेला. म्हणजे परक्या म्हणून हिणवलेल्या या केकच्या अंगावर निम्मे दागिने आपल्या रानातले आणि वाडीतलेच निघतात. राहिला कोरडेपणा, तर दर्यापुरात कपकेक नुसता खातो कोण? तो अर्ध्या चहासोबत खायचा असतो. चहात बुडवून किती वेळ धरायचा हे ज्याचं त्याने ठरवावं, फक्त मनात मोजलेलं बरं. फार धरला तर निम्मा केक कपाच्या तळाशी बसतो आणि शेवटी चमचा मागावा लागतो.

अंड्याचा प्रश्न गावाने आपल्या पद्धतीने केव्हाच निकाली काढला आहे. काउंटरवर येणारा पहिला सवाल ‘अंड्याचा तं नाही ना भाऊ?’ हाच असल्यामुळे बेकऱ्यांनी दही, दुधाची पावडर, कंडेन्स्ड मिल्क आणि खाण्याचा सोडा यांच्या जोरावर बिनअंड्याचा केक फुगवायला शिकून घेतलं. ज्यांना अंड्याचा केक हवा असतो ते हळू आवाजात विचारतात.

यापुढचा आक्षेप पदार्थावरचा नाही, माणुसकीवरचा आहे. केक वाटून खायचा असतो, कपकेक एकट्याचा, म्हणून तो स्वार्थी. वऱ्हाडात हा मोठाच आरोप, कारण इथे दारात आलेल्याला ‘घ्या ना भाऊ’ म्हटल्याशिवाय कोणी घास उचलत नाही. आणि ज्याच्यापुढे एक कपकेक ठेवाल तो म्हणणारच, ‘यानं काय होते बापा!’ पण वाटपाचा अनुभव खरंच मोठ्या केकच्या बाजूने आहे का? केकवर क्रीमची फुलं चार आणि मुलं अकरा असली की त्या घरात जे होतं त्याला वाटप म्हणत नाहीत. कोणाला फूल मिळालं, कोणाला काठ, कोणाला नुसता मधला ठोकळा, आणि कापणाऱ्या काकूंवर पक्षपाताचा ठपका. तो पुढच्या वाढदिवसापर्यंत पुसला जात नाही. एका ट्रेमधल्या कपकेकांत असला भेद नाही. जेवढी डोकी तेवढे केक, शेवटी आलेल्यालाही पहिल्याएवढाच. शाळेत वाढदिवसाला वर्गभर चॉकलेट वाटतात ते याच हिशेबाने, आणि तिथे कोणी त्या चॉकलेटला स्वार्थी म्हणत नाही. ‘यानं काय होते’ला उत्तर सोपं आहे: दुसरा घ्या. मोठ्या केकचा दुसरा तुकडा मागायला संकोच वाटतो, कारण सगळे बघत असतात. बरणीतला दुसरा कपकेक घेताना फक्त बेकरीवाला बघतो, आणि त्याला आनंदच होतो.

तुऱ्याच्या पंथाला न्याय द्यायचा तर घरगुती केक करणाऱ्या महिलांकडेच बघावं लागेल. 2020 च्या टाळेबंदीत दुकानं बंद पडली, घरातले ओव्हन तापले, आणि मोबाइलच्या स्टेटसवर सहा खणांच्या खोक्यातले रंगीत कपकेक झळकू लागले. जिल्ह्याच्या शहरांत हे आधीपासून होतं, तालुक्यांपर्यंत ते तेव्हा पोचलं. यांच्यातल्या पुष्कळ जणी केक उत्तम करतात. सामान मोजून घेतात, ताजं देतात आणि तीन मिनिटं फोनवर बोलत बसत नाहीत. माझी तक्रार त्यांच्या केकबद्दल नाही, गिऱ्हाईकाबद्दल आहे. ते खोका उघडतं, फोटो काढतं, बोटाने वरचं क्रीम चाटतं आणि खालचा केक अर्धा टाकून देतं. जिथे सगळी मेहनत होती तेच उष्टं म्हणून परत जातं. तेव्हा या बायांनी डिसेंबर-जानेवारीत, लग्नसराईच्या थंडीत, हवे तेवढे तुरे काढावेत. रुखवतात कपकेक मांडले तर शोभतातही, आणि रुखवतातली निदान एक वस्तू खाता येईल. एप्रिल लागला की मात्र तुरा बंद करून वेलची, जायफळ नाहीतर संत्र्याची साल घातलेला साधा वाटीतला केक द्यावा. संत्र्यांच्या जिल्ह्यात राहून केकला एसेन्सच्या बाटलीतलं अननस पुरवावं लागतं, हे मला अजून उलगडलेलं नाही. अंबिया बहराची संत्री दिवाळीच्या सुमाराला बाजारात येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. साल वाळवून, कुटून ठेवली की उन्हाळाभर पुरते. अमरावती जिल्ह्याचा म्हणून एखादा कपकेक व्हायचाच असेल तर तो संत्र्याचा व्हायला हवा. तोवर पायनॅपलचं राज्य चालू राहील, आणि अननस या भागात पिकत नाही.

मोठा केक बंद करा असं माझं म्हणणं नाही, ते कोणी ऐकणारही नाही. फोटो लागतो, मेणबत्ती लागते, पोट्ट्यांना फासायला काहीतरी लागतं. तेव्हा येत्या वाढदिवसाला एवढंच करून बघा. कापायला पाव किलोचा आणा, एक किलोचा नको. वाचलेल्या पैशांत बेकरीतून वाटीतले केक घ्या, घरातल्या माणसांपेक्षा चार जास्त, आणि चहा ठेवा. घेताना आजचे आहेत की कालचे ते विचारा. कालचे म्हणाला तर नानकटाई घ्या.